शहाण्याने कोर्टाची पायरी...



"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण मी वर्गात कितीदा सांगितली असेल! १९९६ साली ती एका विद्यार्थ्याच्या आईलाही ऐकवली. किल्लारीच्या भूकंपात (३० सप्टेंबर १९९३) तिचा नवरा गेला, पुढे दिराने जमीन दाबली. "बाई, वकिलाला पैसे कुठून देऊ?" असं ती विचारत होती.

परवा कायद्याचा इतिहास वाचताना जीव चरकला. तिला वकील फुकट मिळू शकत होता.

गोष्ट जुनी आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी न्या. एन. एच. भगवती यांची समिती नेमली. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. पुढे गाडं अडत राहिलं ते पैशापाशी. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ कलम आलं, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्यात स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. हक्कदारांच्या यादीत दुष्काळ आणि भूकंप यांचे बळीही आहेत. कायदा भूकंपाच्या आधीचा, तरी जणू आपल्यासाठीच लिहिलेला!

अमेरिकेत पैशाची सोय वेगळी. अशील वकिलाकडे थोड्या दिवसांसाठी रक्कम ठेवतो. एकेकट्याचं व्याज इतकं किरकोळ की हिशेबाचाच खर्च जास्त. म्हणून अशा सगळ्या रकमा एका खात्यात ठेवायच्या आणि त्यांचं व्याज गरिबांच्या दिवाणी दाव्यांना द्यायचं. फ्लोरिडात हे १९८१ ला सुरू झालं, मग सगळ्या राज्यांत पसरलं. "व्याज आमचं" म्हणून काहींनी हरकत घेतली, पण २००३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही पद्धत मान्य केली. पुढे २००८ च्या मंदीत व्याजदर कोसळले आणि ही विहीर आटली.

आपल्याकडचा निधी मुख्यतः सरकारी अनुदानाचा, शिवाय कोर्टाच्या आदेशाने जमा होणाऱ्या रकमांचा. म्हणजे आपली विहीर व्याजावर अवलंबून नाही. पण पाणी कुठे आहे हे तहानलेल्याला सांगणार कोण? ते काम माझ्यासारख्या शिकलेल्यांचं होतं. मी म्हण सांगून मोकळी झाले.

असो. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मदतीचा फोन १५१००. कुणी अडलेलं भेटलं तर म्हण सांगू नका, हा नंबर सांगा.