मोबाईल, समाजमाध्यमे आणि बीडचा आतिथ्य व्यवसाय

परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही बीड जिल्ह्यातील दोन प्रमुख तीर्थस्थाने. त्यांच्यातील अंतर सुमारे २५ किलोमीटर. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि मार्गशीर्षातील योगेश्वरीचा उत्सव या काळात येथे भाविकांची रीघ लागते. कार्तिक पौर्णिमेला कपिलधार येथे मन्मथस्वामींची यात्रा भरते. पूर्वी या यात्रेकरूंना मुक्कामाची जागा शोधून देण्याचे काम तीर्थोपाध्याय, रिक्षाचालक आणि एस.टी. स्थानकासमोरची रंगीत पाटी करीत असे. लॉजचालकाची सारी जाहिरात एवढ्यातच सामावलेली होती. गेल्या दहा-बारा वर्षांत तिची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली असून तालुक्याच्या गावातील लहान व्यावसायिकालाही त्याची दखल घेणे भाग पडले आहे.

बदल कसा घडला?

या परिवर्तनाचे टप्पे स्पष्ट दिसतात. २०१४ मध्ये गूगलने व्यावसायिकांना नकाशावर आपली नोंद विनामूल्य सांभाळण्याची सुविधा दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट ग्रामीण भागातही स्वस्त झाले. त्याच वर्षी यूपीआयद्वारे मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आले, तर २०२० मध्ये टिकटॉकवरील बंदीनंतर इन्स्टाग्रामच्या रील्स भारतात रुजल्या. शोध, चौकशी, छायाचित्र आणि आगाऊ रक्कम या चारही गोष्टी अशा रीतीने एकाच यंत्रात आल्या.

योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता आहे. कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेले पुण्या-मुंबईचे कुटुंब आता घरूनच खोलीची छायाचित्रे पाहते, वृद्धांसाठी तळमजल्यावर सोय आहे काय हे विचारते आणि मगच गाडी काढते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनाही अल्प दरातील निवासाची निकड असते. या ग्राहकाला सजावटीपेक्षा अचूक पत्ता, दर आणि फोन उचलणारा माणूस हवा असतो.

नावाचा पेच

शोधयंत्राच्या युगात नावाला मोल आले आहे. ज्योतिर्लिंग म्हणून परळीप्रमाणेच झारखंडमधील देवघरच्या वैद्यनाथाचाही उल्लेख होतो. त्यामुळे केवळ ‘वैद्यनाथ’ असा शोध घेणारा परप्रांतीय भाविक देवघरच्या माहितीकडे वळण्याची शक्यता असते. परळीतील व्यावसायिकाने आपल्या नोंदीत गाव, जिल्हा आणि रेल्वे स्थानकाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत दिल्यास हा घोटाळा टळू शकतो.

प्रतिमेचा प्रश्न याहून गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर कित्येक महिने समाजमाध्यमांवर बीडचे नाव प्रामुख्याने गुन्हेगारीच्या संदर्भात झळकत राहिले. अशा वेळी प्रवाशाच्या मनातील शंका जाहिरातीने दूर होत नाही. प्रत्यक्ष येऊन गेलेल्यांचे अनुभव मात्र उपयोगी पडतात.

कमिशनचे गणित

खोल्यांची नोंदणी करणारी संकेतस्थळे ग्राहक आणून देतात, परंतु त्याबद्दल भाड्यातून कमिशन कापून घेतात. समजा, हजार रुपयांच्या खोलीवर वीस टक्के कमिशन असेल, तर मालकाच्या हाती आठशे रुपये येतात. वीज, पाणी आणि नोकरांचे वेतन त्यातूनच भागवावे लागते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरचा खर्चही त्यात मिळवावा लागतो. स्वतः कमी दर लावून ग्राहक मिळवावा, तर संकेतस्थळाचा करार आडवा येऊ शकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशाच अटींची दखल घेऊन मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांवरील दरविषयक बंधनकारक अटी बदलण्याचे निर्देशही मेकमायट्रिप-गोआयबिबोला दिले.

म्हणूनच एकदा आलेल्या पाहुण्याशी थेट संपर्क राखणे लहान लॉजचालकाच्या हिताचे ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक, खोल्यांची खरी छायाचित्रे आणि उत्सवाच्या तारखा पाठविता येतात. मात्र पाहुण्याची संमती न घेता संदेशांचा भडिमार केल्यास क्रमांक ‘ब्लॉक’ होतो आणि जोडलेला ग्राहक तुटतो.

विश्वास आणि फसवणूक

ग्राहकांच्या अभिप्रायांना आज पूर्वीच्या शिफारसपत्राचे स्थान आहे. त्यात खोटेपणा शिरू नये यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांविषयी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. विकत घेतलेल्या किंवा त्यासाठी नेमलेल्या व्यक्तींकडून लिहवून घेतलेल्या अभिप्रायांना त्यात मज्जाव आहे.

दुसरा धोका बनावट नोंदणीचा. तीर्थक्षेत्रांतील निवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून भाविकांना लुबाडले जात असल्याचा इशारा भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. गूगल नकाशावरील माहितीत बदल सुचविण्याची मुभा कोणालाही असते. त्यामुळे आपल्या नोंदीतील फोन क्रमांक मालकाने वरचेवर तपासणे आवश्यक आहे. भाविकानेही अनोळखी व्यक्तीच्या खात्यात पैसे भरण्यापूर्वी संस्थान किंवा लॉजशी बोलून खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

पुढील वाट

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वेसेवा सुरू झाली आणि बीड शहराची दीर्घकाळची प्रतीक्षा संपली. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग शहराजवळून जातो. सौताड्याचा धबधबा, नायगावचे मयूर अभयारण्य, बीडची खजाना विहीर व कंकालेश्वर मंदिर आणि भौगोलिक मानांकन लाभलेले सीताफळ हे सारे यात्रेकरूचा एक मुक्काम वाढवू शकते. मात्र प्रत्येक गोष्टीला ऋतू आहे. पावसाळ्यातील धबधब्याची चित्रफीत पाहून एप्रिलमध्ये आलेल्या पर्यटकाची निराशाच होणार, आणि ती निराशाही तो मोबाईलवरच नोंदविणार. छायाचित्रासोबत महिना लिहिणे ही साधी गोष्ट आहे, पण पाहुण्याचा विश्वास टिकवायला तीच उपयोगी पडते.