न बोलणारे मूल

मूल केव्हा बसते, केव्हा बोलते याचे आडाखे आपल्याकडे बराच काळ परदेशी तक्त्यांवरून बांधले जात. १९७० च्या सुमारास बडोद्यात प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतील नॅन्सी बेली यांची मापने भारतीय बाळांसाठी बेतली. त्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी आल्या.

पण तक्ता काही निदान करीत नाही. न बोलणाऱ्या मुलाला ऐकू येत नसेल, समजत नसेल, किंवा ते परक्या भाषेपुढे नुसते गप्प असेल. बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकत्र बसले तरच हे उलगडते. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात म्हणूनच फिरते पथक आले: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात.

अहेरीहून गडचिरोली शंभरावर किलोमीटर. दर खेपेला मजुरी बुडते. त्यात घरची भाषा माडिया, गोंडी नाहीतर तेलुगू. मराठी प्रश्नाला गप्प राहिलेले मूल 'मंद' ठरायला वेळ लागत नाही. ते पाठीमागच्या हाकेला वळते का, घरच्या भाषेत सांगितलेले करते का, हे अंगणवाडीताईला आणि आपल्याला वर्षभर दिसत असते. पथकाला मात्र त्या एका दिवशी, आपण टिपून ठेवले असेल तरच.