बटव्यातली पाच नाणी

मंडळी, वांद्र्याच्या उत्तरेला, समुद्राच्या काठावर खारदांडा नावाचा एक कोळीवाडा आहे. त्याच्या भोवती आता मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण किनाऱ्यावर होड्या आहेत आणि बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. तिथल्या एका ओळखीच्या घरी मी शिमग्याला गेलो होतो. चहा झाला, आणि घरच्या आजींनी देव्हाऱ्यातून एक जुना बटवा आणून माझ्यापुढे पालथा केला. पाच नाणी चटईवर पडली.

"मास्तर, ह्या एका नाण्याचे लाखभर येतील म्हणतात, खरं का हो?" आजींनी विचारले.

सूनबाईंनी मोबाइल पुढे केला. जुनी नाणी विकत घेतो म्हणून कुणी जाहिरात दिली होती. नाण्याचे छायाचित्र पाठवताच होकार आला होता. मात्र आधी नोंदणीची फी भरायला हवी होती. त्यासाठी बटव्यातला राणीछाप रुपया सोनाराकडे मोडायचा आणि कमी पडतील ते मासळीच्या पैशांतून घालायचे, असे घरात ठरत आले होते.

मी म्हटले, "आजी, पैसे पाठवायच्या आधी ही पाचही नाणी आपण वाचून तर पाहू." त्या दुपारी आम्ही जे वाचले, तेच आज तुम्हांला सांगतो.

पहिले नाणे सोपे होते. मधोमध भोक असलेला पैसा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून असे पैसे पाडले गेले. तांबे वाचावे म्हणून मधला भाग काढूनच टाकला! पुष्कळ घरांतून हा पैसा सापडतो, म्हणून त्याला फार मोल येत नाही. नाणे जुने असले म्हणजे महाग असते, ही समजूत पहिल्याच नाण्याने दूर केली.

दुसरे नाणे तांब्याचे, जाड, काळे पडलेले आणि कडेने वेडेवाकडे. एका बाजूला 'श्री राजा' एवढी अक्षरे कशीबशी लागत होती. ही शिवराई. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असे लिहिलेली ही नाणी चालू झाली. महाराजांच्या मागे, पेशवाईतही आणि त्यानंतरही, लोक शिवराई देत-घेत राहिले.

आता येथे थोडे थांबू. नाणे पाडायचे कसे, तर पोलादी ठशावर अक्षरे उलटी कोरायची, दोन ठशांमध्ये तांब्याचा तुकडा ठेवायचा आणि वरून घणाचा घाव घालायचा. हजारो घाव सोसून ठसा झिजतो, तडकतो. मग दुसरा कोरावा लागतो. कोरणारा माणूसच, त्याची वेलांटी कधी ऱ्हस्व होते, कधी दीर्घ. कुठे 'शिव' तर कुठे 'सीव' उमटते. पुढच्या काळात दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ आली, तिला दुदांडी शिवराई म्हणतात. शिवाय ठसा मोठा आणि तुकडा लहान असल्यामुळे अक्षरे कडेला तुटतात. म्हणून दोन शिवराया अगदी एकसारख्या मिळणे कठीण. संग्राहक हे ठशांचे भेद शोधत बसतात, ते उगाच नव्हे. एका वेलांटीवरून एक ठसा ओळखता येतो, आणि ठशांचा क्रम लावला की टाकसाळीचा इतिहास हाती लागतो.

दांड्याला शिवराई आली कशी? खारदांडा हा साष्टीचा भाग. साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. म्हणजे मधली सदतीस वर्षे माहीमच्या खाडीच्या या तीरावर मराठ्यांचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांची मुंबई. मुंबईत कंपनीची टाकसाळ १६७२ पासूनची. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात तिथे तांब्याचे 'कॉपरून' आणि कथलाचे 'टिनी' अशी नाणी पाडली गेली. माहीमचा पूल झाला १८४५ मध्ये. त्याआधी खाडी ओलांडायची ती होडीने. मासळीची पाटी घेऊन पलीकडे जाणाऱ्या बाईच्या कनवटीला दोन राज्यांचा खुर्दा असला पाहिजे, आणि कोणता पैसा कुठे चालतो हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असले पाहिजे!

तिसरे नाणे पाहून मात्र मला फार आनंद झाला. तेही तांब्याचे आणि झिजलेले, पण चांगले गोल. एका बाजूला हृदयाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे, वर चारच्या आकड्यासारखी खूण आणि खाली १७९१ हे साल. दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द. हे नाणे मुंबई इलाख्यासाठी पाडलेले असले, तरी मुंबईत पाडलेले नाही. ते आले विलायतेतून, बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथून. तिथे मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या यंत्रावर नाणी पाडण्याचा कारखाना काढला होता. याच बोल्टनने पुढे १७९७ मध्ये इंग्लंडसाठी तांब्याची पेनी पाडली. ती तब्बल एक औंस वजनाची आणि रुंद काठाची होती, म्हणून लोक तिला 'गाडीचे चाक' म्हणू लागले. म्हणजे आपल्या आजींच्या बटव्यातला पैसा हा त्या प्रसिद्ध पेनीचा थोरला भाऊच म्हणायचा!

यंत्र आले तरी ठशांचे भेद संपले नाहीत, बरं का. इंग्लंडात १८६० साली काशाची नवी पेनी निघाली, तेव्हा कडेला कुठे मणी आहेत तर कुठे दाते. १९३३ सालच्या पेनी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. आपल्याकडेही तसेच झाले. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरील साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि पुढच्या सालच्या रुपयासाठी हत्ती नीट कोरून घ्यावा लागला. एवढ्याशा सोंडेपायी सरकारला ठसा बदलावा लागला!

चौथा तो राणीछाप रुपया, साल १८६२. याची गंमत अशी की, हे साल १८७४ पर्यंत बदललेच नाही. वर्षे उलटत होती आणि रुपयावर १८६२ च पडत होते. मुंबईच्या टाकसाळीने नक्षीत बारीक ठिपके घालून आपली खूण ठेवली. हे ठिपके भिंगातून मोजायचे. राणी १८७७ पासून 'एम्प्रेस' झाली, म्हणून त्याआधीच्या रुपयावर 'क्वीन' हाच शब्द हवा. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजींचा रुपया शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. झीज धरून वजन बरोबर भरले.

आता पाचवे नाणे. ज्याचे लाख येणार होते, ते! पिवळसर रंगाचे. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. मी सूनबाईंना म्हटले, "आधीची चार नाणी आपण पाहिली. आता हे तुम्हीच वाचा."

त्यांनी नाणे फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "दोनशे वर्षांचं म्हणता, आणि कड अजून नवी?" अगदी बरोबर! अक्षरे गुळगुळीत आणि फुगीर, पृष्ठभागावर बारीक छिद्रे. घाव घालून पाडलेल्या नाण्याला अशी छिद्रे नसतात. साच्यात ओतलेल्याला असतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, कंपनीने १८१८ साली रामदरबाराचे असे नाणे पाडलेच नव्हते. कंपनीचा सगळीकडे एकसारखा चालणारा पैसा आणि अर्धा आणा निघाला तो १८३५ च्या कायद्यानंतर. हनुमान, कमळ, ओम अशी चित्रे आणि १८१८ साल असलेले हे तुकडे अलीकडचे आहेत. देवापुढे ठेवायला हरकत नाही. पण ते नाणे नव्हे. 'तांदूळ खेचणारे नाणे' म्हणून जे विकतात, तीही निव्वळ फसवणूकच.

दुसरी लबाडी आकड्याची. १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ. म्हणून १९३८ च्या रुपयावरचा आठ कोरून त्याचा नऊ करतात. शेवटचा आकडा भिंगातून पाहावा. तांब्याचे वा चांदीचे म्हणून दिलेले नाणे चुंबकाला चिकटले, तर ते खोटे समजावे. न चिकटले म्हणून खरे मात्र समजू नये. मोबाइलवर नुसते छायाचित्र पाहून घेऊ नये. दोन्ही बाजू, कड आणि वजन विचारावे. दोन निरनिराळ्या नाण्यांवर ओरखडा नेमका एकाच जागी दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून आली असे ओळखावे.

आणि विकणाऱ्याकडेच जो आधी पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की, जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसली फी किंवा कमिशनही मागत नाही. कुणी फसलेच, तर लाज धरून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

खेड्यातल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके निघाले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. मडके फुटून नाणी वाटली गेली की त्यांचा इतिहासही फुटतो. दुसरे म्हणजे, जुने नाणे चिंच, लिंबू किंवा राख लावून कधी घासू नका. काळेपणाबरोबर अक्षरेही जातात.

शिक्षकबंधूभगिनींनो, वर्गात एक दिवस हा धडा घेऊन पाहा. प्रत्येक मुलाने घरून रोजच्या वापरातले एक नाणे आणावे आणि सालाखालची खूण पाहावी. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली की ठसा वहीत उठतो. सहल काढायची असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, आणि मुंबईला फोर्टात रिझर्व्ह बँकेचेही आहे.

खारदांड्याच्या त्या घरातून फीचे पैसे गेले नाहीत. राणीछाप रुपया देव्हाऱ्यात परत गेला. १७९१ च्या पैशाकडे आजवर कुणी पाहिले नव्हते. आता नातवाने तो कागदात गुंडाळून, वर साल लिहून ठेवला आहे. मी निघालो तेव्हा आजी त्याला विचारत होत्या, "बाळा, तो तराजू कुठं आहे रं? मला परत एकदा दाखव."