ताडीचा प्रहर : सुरतेच्या स्वयंपाकघरातील मद्य

मराठी वाचकाला सुरत आठवते ती जानेवारी १६६४ मधील. शिवाजी महाराजांच्या स्वारीत शहर लुटले जात असताना जॉर्ज ऑक्झिंडेन याने इंग्रजांची वखार लढवून राखली, एवढे आपल्या इतिहासग्रंथांत येते. त्या वखारीत रोज काय शिजत होते, याची विचारपूस मात्र आपण सहसा करीत नाही.

ती करण्याची सोय एका पाद्र्याने करून ठेवली आहे. जॉन ओव्हिंग्टन हा १६८९च्या सुमारास सुरतेस आला आणि त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापले गेले. वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन प्रकारचे आचारी ठेवले होते, म्हणजे प्रत्येकाच्या जिभेची सोय व्हावी, असे तो सांगतो. पुलाव, कबाब आणि बदाम-मनुका भरून लोण्यात दम दिलेली कोंबडी यांचे वर्णन तो चवीने करतो. सणावारी इराणी आणि युरोपीय द्राक्षमद्ये पंगतीला असत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मद्य येथे ताटाशेजारी आहे. त्या दमाच्या भांड्यात ते दिसत नाही. दूरदेशीहून जहाजाने आलेली महागडी वस्तू रश्श्यात ओतणे परवडण्याजोगे नव्हते, हे उघड आहे.

युरोपात मात्र द्राक्षमद्य हा स्वयंपाकाचा नित्याचा जिन्नस होता. मांस मुरवावे, आंबटपणा आणावा, पदार्थ टिकवावा, अशी अनेक कामे ते करी. द्राक्षे नसलेल्या किनाऱ्यावर ही कामे कोणी करायची? गोव्याने याचे उत्तर माडाकडे मागितले. पोर्तुगिजांचे मद्य-लसणीतील मांस गोव्यात माडाच्या शिरक्यात मुरू लागले आणि त्याचे विंदालू झाले. सान्नांचे पीठ माडाच्या सुरेने फुगू लागले. दक्षिण गुजरातेत माडाची जागा ताड आणि खजुरी यांनी घेतली. सुरतेच्या स्वयंपाकघरातले खरे मद्य कोणते, असे विचारल्यास उत्तर शिराझचे मद्य नव्हे, तर ताडी हेच द्यावे लागेल.

ताडीची निवड म्हणजे प्रहराची निवड. रात्रभर मडक्यात ठिबकलेला रस सूर्योदयापूर्वी गोड असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की हवेतील किण्वे त्यातील साखरेवर तुटून पडतात आणि रस फेसाळतो. या वेळी तो पिठात घातला, तर पीठ फुगते. आणखी एक-दोन दिवसांत तो आंबटढाण होतो, आणि पुढे काही आठवडे राखला की त्याचा शिरका बनतो. एकाच झाडाचा रस असा गोडी, फुगवण आणि आंबटपणा या तिन्ही कामांना येतो. कोणते काम हवे, ते घरच्या बाईने घड्याळाकडे न पाहता वासावरून आणि फेसावरून ठरवायचे.

सुरत-नवसारीच्या पारशी घरांनी ही विद्या विशेष जोपासली. गव्हाचे पीठ, रवा, साखर, तूप, अंडी, वेलची-जायफळ आणि ताजी ताडी घालून मळलेले, फुगू देऊन तळलेले भाखरे हा तिचा उत्तम नमुना. पोपटजी हा दुसरा. कोळंबीच्या पातियाला किंवा लग्नातल्या गाजर-मनुकांच्या लोणच्याला शिरका हवाच. सुरतेच्या प्रसिद्ध दोटीवाला बेकरीविषयीची आख्यायिकाही याच सूत्रात बसते. डचांनी जाताना आपल्या भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या हाती सोपवल्या. पण पावात ताडी आणि अंडी असल्याने स्थानिक लोक तो घेईनात, आणि उरलेला पाव वाळवून विकता विकता बिस्किटाचा जन्म झाला, असे सांगतात.

परंतु ताडीचा इतिहास केवळ रुचीचा नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडाच्या रसावर सरकारी कराची आणि परवान्याची पकड घट्ट बसवली. सुरत जिल्ह्यातील आदिवासी ज्या झाडांचा रस घरच्यासारखा काढीत, त्याच रसासाठी त्यांना दुकानदाराच्या, बहुधा पारशी दुकानदाराच्या, दारी जावे लागले. मागोमाग कर्ज आले, आणि कर्जापायी जमिनी गेल्या. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ‘देवी’ची लाट नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोहोचली, तेव्हा देवीच्या आज्ञेने गावेच्या गावे दारू आणि ताडी सोडून बसली, आणि दुकानदार-जमीनदारांच्या कामावर जाणे त्यांनी बंद केले. ज्या मडक्यातून भाखऱ्यांचे पीठ फुगत होते, त्याच मडक्याने कोणाचे तरी शेत गिळले होते, हे विसरून पाककलेची हळहळ करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे मडके ताब्यात घेतले. न आंबलेली नीरा आणि ताडी असा भेद कायद्याने केला. मात्र पेल्यातली ताडी आणि पिठातली ताडी असा भेद त्यात नव्हता. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मुख्यत्वे वैध ठरवली, पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंधने रद्द केली. पुढे कायद्यातच औषधे, प्रसाधने आणि पिण्यास अयोग्य असे मद्यार्कयुक्त स्वादार्क यांना सूट मिळाली. औषधाच्या बाटलीची, अत्तराच्या कुपीची बाजू मांडली गेली. परातीची बाजू मांडणारे कोणी नव्हते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा गुजरातने हा कायदा चालू ठेवला. भाखऱ्यांत ताडीच्या जागी यीस्ट, दही किंवा सोडा आला. पीठ फुगते, पण ताडीचा तो किंचित आंबूस दरवळ त्यात नसतो.

उरला तो शिरका. नवसारीचे कोला घराणे १८८५ पासून उसाच्या रसाचा शिरका करीत आले आहे. हा रसही आधी मद्य होतो, मग आंबतो. फरक इतकाच की मद्याची अवस्था तो पिंपात, कोणाच्या नजरेस न पडता पार करतो. सुरतेच्या रांधणीत मद्य आजही आहे ते असे, आपले मद्यपण टाकून आलेले.

कायदा योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. देवीच्या आज्ञेमागचे दुःख खरे होते. परंतु फेस पाहून प्रहर ओळखणाऱ्या बायकांची ती पारख कोणत्याही कलमाने निषिद्ध केलेली नव्हती. वापरच थांबल्याने ती नाहीशी होत चालली आहे. ती माहीत असलेल्या वृद्धा सुरत-नवसारीत असतील, तोवर कोणीतरी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. ओव्हिंग्टनने पंगत लिहून ठेवली. परात लिहायची राहिली आहे.