बेलाडोना : दोन बाटल्या आणि सव्वादोनशे वर्षं

मागच्या शनिवारी रात्री ताईचा फोन आला. तिचं पोरगं आठ महिन्यांचं आहे, खालचे दात येतायत, आणि साहेब रात्रभर घर डोक्यावर घेतायत. स्पीकरवर रडणं ऐकून बाबा उठले आणि कपाटावरची आप्पांची पेटी खाली काढली.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. पोस्टातून रिटायर झाल्यावर त्यांनी पुस्तकं वाचून होमिओपॅथी शिकून घेतली. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर अर्धी गल्ली साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या घ्यायला बसलेली असायची. पैसे कधी घेतले नाहीत. आप्पा गेले, पण पेटी तशीच राहिली.

"तोंड लाल, अंग गरम, पोर चिडचिडं... म्हणजे बेलाडोना," बाबा म्हणाले. वाक्य आप्पांचंच.

पेटीत बेलाडोनाच्या दोन बाटल्या निघाल्या. एकीवर लिहिलं होतं '३०', दुसरीवर 'क्यू'. "क्यू जरा स्ट्राँग असतं, लवकर गुण येईल," बाबांचा अंदाज. मी मात्र चरकलो. ताईला म्हटलं, आज काही देऊ नकोस, उद्या नीट बघून सांगतो. मग आख्खा रविवार वाचण्यात गेला. तर मंडळी, ही त्या दोन बाटल्यांची गोष्ट.

आधी झाड बघू. बेलाडोना हे युरोपातलं एक झुडूप. वांगी, बटाटे, टोमॅटो ज्या कुळातले, त्याच कुळातलं. आपला धोतराही त्याच घराण्यातला. महादेवाला आपण धोतऱ्याचं फळ वाहतो, पण खाऊ नये हे खेड्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. बेलाडोनाची फळं काळी, चकचकीत, थोडी गोडसर. म्हणजे लहान मुलांसाठी अगदी सापळाच. थोडीशी फळंही त्यांच्या जिवावर बेतू शकतात. लिनीअसने १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा 'अट्रोपा' हा शब्द घेतला ग्रीक पुराणातल्या ॲट्रोपॉसवरून. ही आयुष्याचा धागा कापणारी देवी! आणि 'बेला डोना' म्हणजे इटालियन भाषेत सुंदर बाई. तिकडच्या बायका या झाडाच्या रसाचे थेंब डोळ्यांत घालायच्या, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन डोळे टपोरे दिसायचे. (पुढचं नीट दिसत नसणार, पण फॅशनपुढे कोण ऐकतंय?) मृत्यू आणि सौंदर्य दोन्ही एकाच नावात.

आता होमिओपॅथीच्या जनकाकडे येऊ. सॅम्युएल हानेमान हा जर्मन डॉक्टर, जन्म १७५५. १७९० मध्ये तो कलेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या औषधांवरच्या पुस्तकाचं भाषांतर करत होता. त्यात सिंकोनाच्या सालीबद्दल, म्हणजे ज्यातून पुढे क्विनीन निघालं त्या सालीबद्दल, जे लिहिलं होतं ते त्याला पटेना. पठ्ठ्याने स्वतःच ती साल घेऊन बघितली. थंडी, धडधड, गळून जाणं... त्याला वाटलं, अरे, ही तर हिवतापाचीच लक्षणं! त्यातून त्याचं सूत्र निघालं: जे निरोगी माणसात रोगासारखी लक्षणं आणतं, तेच तो रोग बरा करतं. थोडक्यात, काट्याने काटा काढायचा.

या सूत्रात बेलाडोना अगदी चपखल बसतं. बेलाडोनाची विषबाधा झाली की तोंड आणि घसा कोरडा पडतो, चेहरा लालबुंद होतो, अंग तापतं, माणूस बरळायला लागतो. आणि त्या काळी पोरांना पटापट उचलून नेणारा एक आजार होता, स्कार्लेट फीवर. त्यातही अंगावर लाल पुरळ, जोराचा ताप, घसा दुखणं. हानेमानच्या नजरेतून बघा, दोन्ही चित्रं एकसारखीच.

१७९९ मध्ये तो क्योनिग्सलुटर नावाच्या गावात असताना तिथे स्कार्लेट फीवरची साथ आली. एका घरात चार मुलं होती. तिघं आजारी पडली, चौथं वाचलं. एरवी घरात काही आलं की आधी त्यालाच लागायचं. पण त्या वेळी ते मूल बोटांच्या सांध्यांच्या दुखण्यासाठी हानेमानकडून बेलाडोना घेत होतं. झालं! पुढे आठ मुलांच्या एका घरात तिघं आजारी पडल्यावर उरलेल्या पाचांना त्याने बेलाडोना दिलं आणि ती पाच जणं आजारी पडली नाहीत. १८०१ मध्ये यावर त्याने पुस्तिका काढली. बेलाडोना हे स्कार्लेट फीवरचं प्रतिबंधक औषध, असा दावा.

आमच्या फील्डमधल्या माणसाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. सर्व्हर हँग होतो, कोणीतरी काहीतरी करतं, सर्व्हर चालू होतो. ज्याने शेवटचं बटण दाबलं तो हिरो. तो आपोआपच चालू होणार होता का, हे कोणी बघतच नाही. साथीत घरातली सगळीच मुलं आजारी पडतात असं कधीच नसतं. काहींना आधी सौम्य आजार होऊन गेलेला असतो, काहींना लागण होऊनही लक्षणं दिसत नाहीत. पाच मुलं वाचली, ठीक आहे. पण काहीच न दिलेल्या घरांत किती वाचली? तो हिशोब नसेल तर उरते ती नुसती कथा. स्कार्लेट फीवर स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे होतो हे १९२० च्या दशकात जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या नवराबायकोने पक्कं केलं. आज त्यावर पेनिसिलिनसारखी औषधं आहेत.

पण हानेमानला मूर्खात काढायची माझी अजिबात इच्छा नाही. त्या काळचे बाकीचे डॉक्टर काय करत होते ते बघा: शिरा कापून रक्त काढणं, जुलाब देणं, पारा खायला घालणं. त्यापुढे काहीच न करणारं औषधसुद्धा पेशंटच्या फायद्याचंच ठरणार. आपल्याकडेही हुशार माणसं याकडे वळली ती काही उगाच नाही. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार एम. डी. झालेले, आधी होमिओपॅथीचे टीकाकार. १८६७ मध्ये त्यांनी उघडपणे तिची बाजू घेतली आणि डॉक्टर मंडळींचा रोष ओढवून घेतला. याच माणसाने १८७६ मध्ये कलकत्त्यात विज्ञानाच्या प्रसारासाठी संस्था काढली, जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी आपलं नोबेलवालं काम केलं. तेव्हा आमचे आप्पा चांगल्या पंगतीत होते म्हणायचे.

दात येणाऱ्या बाळांचा इतिहासही असाच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विलायतेत मिळणाऱ्या दातांच्या पावडरींमध्ये कॅलोमेल असायचं, म्हणजे पाऱ्याचंच संयुग. त्यामुळे बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे आणि काही बाळं दगावायची. त्या मानाने गोड होमिओपॅथिक गोळी म्हणजे देवमाणूसच. 'काही अपाय तर नाही ना' हा लौकिक तिने असा तुलनेतून कमावला.

आता बाटल्यांवरचे आकडे, कारण खरी गोम तिथे आहे. 'क्यू' म्हणजे मदर टिंक्चर, झाडाचा मद्यार्कात काढलेला मूळ अर्क. त्यात बेलाडोनाची विषारी द्रव्यं खरोखर असतात. 'एक्स' म्हणजे दर पायरीला दहापट पातळ. ३ एक्स म्हणजे हजारात एक भाग. आणि नुसतं '३०' लिहिलं असेल तर सहसा शंभरपटीच्या पायऱ्या, त्याही तीस. म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं पातळ. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांत मिळून पाण्याचे जितके रेणू आहेत तो आकडा सत्तेचाळीस अंकी आहे. बेलाडोनाचा एक रेणू सापडायचा तर कोट्यवधी पृथ्व्यांचे समुद्र गाळावे लागतील. म्हणजे ३० ची बाटली ही साखर. शुद्ध, निरुपद्रवी साखर.

आणि हे कोणी तपासलं नाही असंही नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये बेलाडोना ३० चाच प्रयोग छापला. २०६ निरोगी माणसांनी तो पूर्ण केला. काहींना बेलाडोना, काहींना नुसत्या गोळ्या, आणि कोणाला काय दिलंय हे देणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. हानेमानच्या सूत्राप्रमाणे बेलाडोनावाल्यांना बेलाडोनाची लक्षणं दिसायला हवी होती. दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

म्हणजे पेच असा: बाटलीत बेलाडोना नसेल तर ते सुरक्षित आहे, पण औषध नाही. आणि असेल, तर मात्रा मोजायलाच हवी. मधल्या, म्हणजे खालच्या पोटन्सीच्या गोळ्यांमध्ये काय होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे हायलँड्स कंपनीच्या बाळांसाठीच्या दातांच्या गोळ्या घरोघरी असायच्या, आणि त्यात बेलाडोना होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या एफडीएने इशारा दिला: गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण एकसारखं नाही, बेलाडोनाच्या विषबाधेशी जुळणाऱ्या तक्रारी आल्यात, आणि बाटलीला मुलांना न उघडता येणारं झाकणही नाही. गोळ्या परत मागवल्या, नव्या रूपात पुन्हा बाजारात आल्या. २०१६ मध्ये पुन्हा इशारा. तोपर्यंतच्या सहा वर्षांत ४०० हून जास्त तक्रारी जमा झाल्या होत्या, त्यात १० मृत्यू. ते मृत्यू गोळ्यांमुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. पण जानेवारी २०१७ मध्ये प्रयोगशाळेचे निकाल आले: काही गोळ्यांमध्ये बेलाडोना लेबलवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. एप्रिल २०१७ मध्ये गोळ्या पुन्हा मागे घेतल्या गेल्या.

थोडक्यात, 'होमिओपॅथिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही' हे वाक्य फक्त कारखान्यात कोणी चूक केली नाही तरच खरं.

याच झाडाची दुसरी गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. १८३१ मध्ये माइन नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने बेलाडोनातून ॲट्रोपिन वेगळं काढलं. आता ते मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागलं, आणि मोजता आलं म्हणून वापरता आलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते तुम्हाला आठवत असेल. फवारणीच्या औषधांतली बरीच ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. त्या विषाने लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत पाणी साठतं. त्यावर डॉक्टर पहिलं इंजेक्शन देतात ते ॲट्रोपिनचं. दर काही मिनिटांनी छाती तपासत, डोस वाढवत. ॲट्रोपिन तोंड कोरडं करतं, बाहुल्या मोठ्या करतं, छाती मोकळी करतं. गंमत बघा, इथे हानेमानचं सूत्र बरोब्बर उलटं झालं. रोगासारखं नाही, रोगाच्या विरुद्ध वागतं म्हणून ते औषध.

असो. सोमवारी सकाळी ताईला फोन केला. स्वच्छ बोटाने हिरड्या हलक्या चोळ, चावायला गार (बर्फासारखं गोठलेलं नाही) टीदर दे. आणि जोराचा ताप आला तर दातांवर ढकलून घरी थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा, कारण दातांमुळे मोठा ताप येत नाही. कोणी बेलाडोनाचं काही दिलंच असेल आणि बाळाचं तोंड कोरडं, अंग लाल, बाहुल्या मोठ्या, शू होत नाही, फार सुस्त किंवा फार बेचैन असं काही दिसलं, किंवा झटका आला, तर बाटली घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं.

बाबांना सांगणं जास्त अवघड होतं. मी आकडे सांगितले, समुद्रांचं सांगितलं. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आप्पा इतकी वर्षं साखर वाटत होते?"

मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, "बाबा, साखर वाटत होते, पण माणसाजवळ अर्धा तास बसत होते. आणि त्यांनी कधी कुणाला अपाय केला नाही."

बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "खरंय. क्यू ते कधीच कुणाला द्यायचे नाहीत. मला आत्ता आठवलं." ते उठले, क्यूची बाटली पेटीतून काढली आणि वरच्या कप्प्यात कुलपात ठेवली. पेटी परत कपाटावर गेली.

बुधवारी ताईचा मेसेज आला. दात वर आला, पोरगं रात्रभर झोपलं. आम्ही काहीही दिलं नव्हतं. शनिवारी ३० च्या चार गोळ्या दिल्या असत्या, तर आज आमच्या घरात बेलाडोनाचा जयजयकार चालू असता. :-)