पणदऱ्याचा माल आणि मुंबईचें बंदर

महोत्सवाच्या अंकांत बंदरांचा व विमानतळांचा इतिहास कशाला, असें कोणी विचारील. पणदऱ्यास समुद्र नाहीं. मुंबईची गोदी येथून रस्त्यानें अदमासें अडीचशें किलोमीटरांवर आहे. तथापि ज्या धर्माचा हा उत्सव, तो ह्या देशीं गलबतांतून उतरला, हें आम्हीं विसरूं नये. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें ‘कल्लियाना’ बंदरीं, म्हणजे बहुधा आपल्या कल्याणास, ख्रिस्ती लोकांचा बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे. 1579 सालीं फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले व पुढें त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. धर्माची गोष्ट अशी. पोटापाण्याचा संबंध तर त्याहून दाट आहे, आणि त्याचा कडू अनुभव आमच्याच तालुक्यानें घेतला.

1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. विलायतेंतील गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें तीन चतुर्थांश तेथून येत असे, तो एकाएकीं अडला व सर्वांची दृष्टि मुंबई बंदराकडे वळली. 1863 सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यामुळें देशावरचा माल थेट गोदीपर्यंत जाऊं लागला. कापूस मुख्यत्वें खानदेश-वऱ्हाडचा खरा, परंतु भाव धान्याचेहि चढले, आगगाडीच्या कामावर मजुरी वाढली, आणि सावकार शेतकऱ्यास हात सैल सोडून कर्ज देऊं लागला. मुंबईंत तर शेअरांचें वेड लागलें होतें. 1865 सालीं युद्ध संपलें व मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. मुंबईचे कांहीं शेट नादार झाले, हें पुस्तकांत विस्तारानें सांपडतें. भीमथडीच्या कुणब्याचें काय झालें, तें फारसें कोणी सांगत नाहीं. भाव उतरले, कर्ज मात्र कायम राहिलें. त्यांतच 1867 पासून इंदापूर तालुक्यांत नवी आकारणी होऊन सारा वाढला. अखेरीस 12 मे 1875 रोजीं सुपें येथें लोक सावकारांवर उठले. त्यांनीं खतें व वह्या हिसकावून जाळल्या. पुढें ही आग पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरली. सरकारनें चौकशी नेमिली व 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. सुप्याच्या त्या कुणब्यानें समुद्र कधीं पाहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं; परंतु त्याची जमीन गहाण पडली ती समुद्रापलीकडच्या लढाईनें.

लगेच 1876 चा दुष्काळ आला. त्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम निघालें, भाटघरचें धरण झालें, आणि आमच्या बाजूस ऊंस उभा राहिला. पुढें माळेगांव, सोमेश्वर व छत्रपति ह्या सहकारी कारखान्यांनीं त्याची साखर केली. ही साखर परदेशीं जावयाची कीं नाहीं हें मात्र बंदराच्या दारावर ठरतें. 1 जून 2022 पासून केंद्र सरकारनें तिच्या निर्यातीवर बंधन घातलें. 2025 च्या जानेवारींत दहा लक्ष टनांस परवानगी दिली. उंसाच्या दराचा तंटा आमच्या चावडीवर होतो, पण त्याचें एक टोंक नेहमीं समुद्रकांठीं असतें.

जुन्या गोदीवरील भार हलका करण्यासाठीं न्हावा-शेवा बंदर 26 मे 1989 रोजीं सुरू झालें. त्या भागांतील भूमिपुत्रांनीं मोबदल्यासाठीं लढा दिला असतां 1984 च्या जानेवारींत गोळीबार होऊन पांच जण मरण पावले, हेंहि त्या बंदराच्या हिशेबांत धरिलें पाहिजे.

विमानांचें सांगणें थोडक्यांत आटोपतों. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन जुहूस उतरले; 8 जून 1948 रोजीं मुंबईहून लंडनकडे पहिलें भारतीय विमान गेलें; नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजीं झालें. पुण्याचें लोहगांव 1939 पासून लष्करी तळ असून प्रवासी विमानांस त्यांतलीच वाट मिळते. विमानाचें भाडें जबर. फुलें, औषधें, हलकीं यंत्रें ह्यांस तें परवडतें. बारामती-इंदापूरकडील द्राक्षांस व डाळिंबांस बहुतेक जहाजच हवें.

आणि जहाजाची वाट किती नाजूक! 1869 सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यानें युरोपास जाण्यासाठीं आफ्रिकेचा वळसा चुकला. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले आणि पुष्कळ जहाजें पुन्हां त्याच जुन्या वळशानें जाऊं लागलीं. त्या हंगामांत युरोपास निघालेल्या द्राक्षांस दहा-पंधरा दिवस अधिक लागले, भाडेंहि चढलें. बागाइतदारानें फळ तोडलें होतें वेळेवरच.