सारणी, बहुमितीय
संगणकीय कार्यक्रमणात एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांना सामाईक नाव देऊन प्रत्येक मूल्य दोन वा अधिक निर्देशांकांनी दर्शविण्याची व्यवस्था. ती ॲरे या नावाने परिचित आहे. गणितातील आव्यूह द्विमितीय सारणीने मांडतात.

संगणकाची स्मृती ही एकाच रांगेतील क्रमांकित कोशांची असल्याने सारणी तीत कोणत्या क्रमाने मांडावयाची, हा मूलभूत प्रश्न ठरतो. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार झालेल्या फोर्ट्रान भाषेत (१९५७) सारणीचा आकार आरंभीच घोषित करावा लागे. मिती जास्तीत जास्त तीन असत व मांडणी स्तंभानुसार होई. अल्गॉल ६० भाषेने मितींवरील ही मर्यादा दूर केली. डेनिस रिची यांनी १९७० नंतर बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सी भाषेत द्विमितीय सारणी ही सारण्यांची सारणी मानली जाते. तीत निर्देशांक शून्यापासून सुरू होतात व मांडणी ओळीनुसार असते. त्यामुळे चार स्तंभांच्या सारणीतील (२, ३) हा घटक २ × ४ + ३ = ११ घटक ओलांडल्यावर सापडतो. मात्र सी भाषा निर्देशांकांची सीमा तपासत नाही. (१, ५) असा चुकीचा निर्देश केल्यास २ × ४ + १, म्हणजे पुढील ओळीतील घटकाचे स्थान येते आणि चूक लक्षात न येता उत्तर बिघडू शकते.

मांडणीतील या भेदामुळे सी भाषेतील सारणी फोर्ट्रानच्या उपकार्यक्रमाकडे जशीच्या तशी सोपविल्यास ओळी व स्तंभ यांची अदलाबदल होते. तसेच मोठी सारणी मांडणीच्या विरुद्ध क्रमाने वाचल्यास गणन मंदावते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमपाय या आज्ञावली-संचात दोन्ही मांडण्यांची सोय आहे.